सीए इंटरमिजिएट : एका पेपरला सूट मिळाली, दोन्ही ग्रुप थोडक्यात हुकले, मे महिन्यात एक ग्रुप द्यावा की दोन्ही?

विटेकर_वाणिज्य यांचा प्रश्न

नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातील विटा येथे राहतो. दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले असून सध्या बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. सीए फाउंडेशन उत्तीर्ण झाल्यानंतर जानेवारीच्या परीक्षेत मी इंटरमिजिएटचे दोन्ही ग्रुप एकत्र दिले होते आणि त्याचा निकाल नुकताच लागला.

पहिल्या ग्रुपमध्ये अॅडव्हान्स्ड अकाउंटिंगला ६३, कॉर्पोरेट अँड अदर लॉजला ३८ आणि टॅक्सेशनला ४४ असे एकूण १४५ गुण मिळाले. दुसऱ्या ग्रुपमध्ये कॉस्ट अँड मॅनेजमेंट अकाउंटिंगला ४१, ऑडिटिंग अँड एथिक्सला ४५ आणि फायनान्शियल मॅनेजमेंट व स्ट्रॅटेजिक मॅनेजमेंट या पेपरला ५२ असे एकूण १३८ गुण आहेत. म्हणजे दोन्ही ग्रुप गेले, मात्र अकाउंटिंगला साठाहून अधिक गुण असल्यामुळे त्या पेपरला सूट मिळाली आहे, म्हणजे तो पेपर लगेच पुन्हा द्यावा लागणार नाही.

मला तीन गोष्टींविषयी जाणकारांचे मत हवे आहे. पहिली गोष्ट अशी, की मे महिन्यात फक्त पहिला ग्रुप द्यावा आणि दुसरा सप्टेंबरसाठी ठेवावा, की पुन्हा दोन्ही एकत्र द्यावेत? हाताशी दोन महिने आहेत आणि त्यातच महाविद्यालयाची परीक्षाही येणार आहे. दुसरी गोष्ट म्हणजे लॉ आणि ऑडिट हे दोन पेपर मी भरपूर वाचले होते, प्रश्न वाचल्यावर उत्तर कशाविषयी आहे हेही कळत होते, परंतु इंग्रजीत लिहायला बसल्यावर वाक्ये जुळत नव्हती आणि वेळ निघून जात होता. यावर वाचन वाढवणे हा उपाय आहे की आणखी काही? तिसरी गोष्ट, माझे दोन मित्र पुण्याला जाऊन अभ्यासिकेत बसणार आहेत व तेथील क्लास लावणार आहेत. घरच्यांची खर्चाला ना नाही, पण त्याचा खरोखर उपयोग होईल का, हे मला ठरवता येत नाही.

सोलापूरचा_लेखापरीक्षक यांचे उत्तर

तुमचा निकाल वाचून काळजी करण्यापेक्षा वहीत मांडावा असा आहे, म्हणून आधी नियम आणि मग आकडे पाहू. प्रत्येक पेपरला किमान ४० गुण आणि ग्रुपची बेरीज किमान निम्मी, म्हणजे ३०० पैकी १५०, अशा दोन अटी एकाच वेळी पूर्ण झाल्या तर तो ग्रुप उत्तीर्ण होतो. तुमच्या पहिल्या ग्रुपमध्ये दोन्ही अटी मोडल्या आहेत, कारण लॉला दोन गुण कमी आहेत आणि बेरजेत पाच. दुसऱ्या ग्रुपमध्ये प्रत्येक पेपर चाळिशीच्या वर आहे, फक्त बेरीज बारा गुणांनी कमी पडली आहे.

अकाउंटिंगचे ६३ गुण पुढच्या तीन परीक्षांपर्यंत तुमच्या खात्यावर जमा राहतील आणि ग्रुपच्या बेरजेतही धरले जातील. याचा अर्थ पहिल्या ग्रुपसाठी तुम्हाला लॉ आणि टॅक्सेशन या दोन पेपरांत मिळून ८७ गुण हवे आहेत, अर्थात दोन्हीकडे चाळीसची अट पाळून. हे काम दोन महिन्यांत निश्चितपणे होण्यासारखे आहे. मात्र 'तीन परीक्षा' या शब्दांनी निर्धास्त होऊ नये. वर्षातून दोनदा परीक्षा होत असे तेव्हा तीन परीक्षा म्हणजे दीड वर्ष होते. २०२४ पासून इंटरमिजिएटची परीक्षा जानेवारी, मे आणि सप्टेंबर अशी तीनदा होऊ लागल्यामुळे तीच मुदत आता वर्षभरात संपते. तुमच्या बाबतीत मे, सप्टेंबर आणि पुढची जानेवारी एवढीच ती मुदत आहे.

माझे स्पष्ट मत असे, की मे महिन्यात फक्त पहिला ग्रुप द्यावा. लॉ आणि टॅक्सेशन हे दोन्ही पेपर सतत होणाऱ्या दुरुस्त्यांमुळे लवकर शिळे होतात. ते आज निम्मेअधिक तयार असताना सप्टेंबरपर्यंत लांबवणे तोट्याचे आहे. दुसरीकडे कॉस्टिंगचे ४१ गुण मला तुमच्याइतके सुरक्षित वाटत नाहीत. प्रोसेस कॉस्टिंगमध्ये नॉर्मल लॉस आणि अॅबनॉर्मल गेन यांचा एक घोळ झाला किंवा स्टँडर्ड कॉस्टिंगचा मोठा प्रश्न सुटला नाही, तर ४१ चे ३६ व्हायला वेळ लागत नाही. त्या विषयाला रोज हाताने सोडवलेली गणिते लागतात, आणि ती बैठक पाच पेपरांच्या उजळणीत, शिवाय महाविद्यालयाच्या परीक्षेच्या धामधुमीत, मिळत नाही.

राहिला प्रश्न चार महिन्यांच्या उशिराचा. नव्या योजनेत आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या फर्ममधील प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण, दोनच वर्षांची आहे आणि ती दोन्ही ग्रुप उत्तीर्ण झाल्यावरच सुरू करता येते, त्यामुळे सप्टेंबरला दुसरा ग्रुप सुटला तर तुमची आर्टिकलशिपही तेवढीच पुढे जाईल, हे खरे आहे. परंतु आमच्यासारख्या लहान फर्ममध्ये मुलगा चार महिने उशिरा आला म्हणून कोणी विचारत नाही. कॉस्टिंग आणि ऑडिट कच्चे ठेवून आला तर मात्र पहिल्या स्टॉक ऑडिटलाच कळते.

कोथरूड_सीए यांचे उत्तर

वरील उत्तरातील नियम बरोबर मांडले आहेत, पण निष्कर्षाशी मी सहमत नाही. त्यात एका नियमाचा विचार राहून गेला आहे आणि या विशिष्ट निकालात तोच नियम सर्वांत मोलाचा आहे.

दोन्ही ग्रुप एकत्र देणाऱ्या विद्यार्थ्याला उत्तीर्ण होण्याचा आणखी एक मार्ग असतो. सहाही पेपरांत किमान ४० गुण असतील आणि दोन्ही ग्रुपची मिळून बेरीज ६०० पैकी ३०० झाली, तर एका ग्रुपची बेरीज दीडशेपेक्षा कमी असली तरी दोन्ही ग्रुप उत्तीर्ण ठरतात. एका ग्रुपमधील जादा गुण दुसऱ्या ग्रुपची तूट भरून काढतात. आता हा नियम विटेकर यांच्या आकड्यांना लावून पाहा. अकाउंटिंगमध्ये दीडशेच्या हिशेबाने लागणाऱ्या पन्नासपेक्षा त्यांचे १३ गुण आधीच जास्त आहेत. समजा मे महिन्यात लॉला ५० आणि टॅक्सेशनला ५५ मिळाले, तर पहिल्या ग्रुपची बेरीज १६८ होते, आणि मग दुसऱ्या ग्रुपला १५० नव्हे तर १३२ गुण पुरतात. जानेवारीत त्यांना तेथे १३८ मिळालेलेच आहेत. म्हणजे दुसऱ्या ग्रुपची तयारी आहे त्या पातळीवर नुसती टिकवून धरली, तरी दोन्ही ग्रुप एकदम सुटतात.

ही सोय एकत्र परीक्षा देणाऱ्यालाच मिळते. मे महिन्यात पहिला ग्रुप १६८ गुणांनी स्वतंत्रपणे उत्तीर्ण झाला, की त्यातले जादा १८ गुण तिथेच राहतात. सप्टेंबरला दुसरा ग्रुप देताना त्यांचा काडीचाही उपयोग होत नाही आणि तेव्हा पूर्ण १५० स्वतः कमवावे लागतात. सूट मिळालेल्या पेपरचे गुण जितके जास्त, तितके दोन्ही ग्रुप एकत्र देणे फायद्याचे, ही गोष्ट अनेक विद्यार्थ्यांच्या आणि काही क्लासवाल्यांच्याही लक्षात येत नाही.

एकत्र देण्यात तोटा काय? समजा कॉस्टिंग घसरून ३७ वर आले. तरीही पहिला ग्रुप स्वतःच्या बळावर १५० पार करून उत्तीर्ण होऊ शकतो, कारण एका ग्रुपचे अपयश दुसऱ्याला ओढत नाही. तोटा होतो तो फक्त वेळ वाटला गेल्याचा, आणि तो मी नाकारत नाही. म्हणून वाटणी समान नसावी, असे माझे म्हणणे आहे. दिवसाचा मोठा हिस्सा लॉ आणि टॅक्सेशनला द्यावा. कॉस्टिंगची रोज ठरावीक गणिते कागदावर, वर्किंग नोट्ससह पूर्ण सोडवावीत. आणि ऑडिट व स्ट्रॅटेजिक मॅनेजमेंट हे वाचनाचे विषय आठवड्यातून दोन वेळा फिरवावेत. अकाउंटिंगला सूट असल्यामुळे परीक्षेच्या पहिल्या पेपरचा दिवसही मोकळा मिळतो, तो लॉसाठी वापरता येतो. महाविद्यालयाच्या परीक्षेत टॅक्स आणि कॉस्टिंगचा भाग असतोच, त्यामुळे ती परीक्षा पूर्णपणे आडवी येते असेही नाही.

टॅक्सेशनबद्दल एक सावधगिरीची सूचना. आयकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून अमलात आला आहे आणि १९६१ च्या कायद्यातील कलमांचे ओळखीचे क्रमांक त्यात बदललेले आहेत. कायदा अमलात येणे आणि तो परीक्षेला लागू होणे या वेगळ्या गोष्टी आहेत. कोणत्या परीक्षेला कोणता वित्त कायदा, कोणती दुरुस्ती आणि स्टडी मटेरियलची कोणती आवृत्ती लागू आहे, हे इन्स्टिट्यूट (सीएच्या परीक्षा घेणारी आयसीएआय ही संस्था) प्रत्येक परीक्षेसाठी स्वतंत्रपणे जाहीर करते. ते पत्रक वाचल्याशिवाय मित्राच्या जुन्या नोट्सला हात लावू नये. जीएसटी हा त्याच पेपरचा अर्धा भाग, म्हणजे ५० गुणांचा आहे. ज्यांना टॅक्सेशनला चाळिशीत गुण मिळतात, त्यांच्यापैकी बहुतेकांनी आयकरावर महिने घालवून जीएसटी शेवटच्या आठवड्यात उरकलेला असतो, असा माझा शिकवण्याचा अनुभव आहे. इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट), त्यातील जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) खालील न मिळणारे क्रेडिट, टाइम ऑफ सप्लाय, व्हॅल्यू ऑफ सप्लाय आणि रजिस्ट्रेशन एवढे पक्के केले, तरी त्या अर्ध्या भागाचा पाया बसतो.

आता तुमच्या पुण्याच्या प्रश्नाकडे येते. दोन महिन्यांसाठी येऊ नका. खोली, खानावळ आणि नवी जागा यांत पहिले पंधरा दिवस जातात. तुम्ही विट्यात बसून अकाउंटिंगला ६३ मिळवले आहेत, म्हणजे बैठक तुमच्याकडे आहे. इन्स्टिट्यूटच्या बोर्ड ऑफ स्टडीजचे ऑनलाइन वर्ग विनामूल्य आहेत; स्टडी मटेरियल, रिव्हिजन टेस्ट पेपर, मॉक टेस्ट पेपर आणि मागील परीक्षांची सजेस्टेड आन्सर्स (नमुना उत्तरे) ही सगळी सामग्री संकेतस्थळावर फुकट मिळते. खर्चाला घरची ना नसेल, तर तो पैसा उत्तरपत्रिका तपासून घेण्यावर करावा. नवी व्याख्याने ऐकण्यावर आता नको.

वाणिज्य_अध्यापक_कोल्हापूर यांचे उत्तर

एक ग्रुप की दोन, याविषयी वरील दोघांनी पुरेसे लिहिले आहे. मला तुमच्या दुसऱ्या प्रश्नाविषयी सविस्तर लिहायचे आहे, कारण ३८ आणि ४५ हे गुण तेथूनच आलेले दिसतात. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना मी अनेक वर्षे शिकवतो आहे. त्यांचा असा समज असतो, की आपले इंग्रजी कच्चे असल्यामुळे लॉला गुण कमी पडतात. उत्तरपत्रिका पाहिल्यावर बहुतेक वेळा वेगळेच दिसते. इंग्रजी साधे असते, पण चालण्यासारखे असते. उत्तराला आकार नसतो, ही खरी अडचण असते.

उदाहरणाने सांगतो. समजा प्रश्न असा आला : एका सनदी लेखापालाच्या पत्नीकडे एका कंपनीचे ९०,००० रुपये दर्शनी मूल्याचे शेअर आहेत, त्यांचे बाजारमूल्य चार लाख रुपये आहे, आणि त्या लेखापालाची त्याच कंपनीचा ऑडिटर म्हणून नेमणूक करायची आहे, ही नेमणूक वैध ठरेल का? तुमच्यासारखा वाचलेला विद्यार्थी लगेच ओळखतो, की हा ऑडिटरच्या अपात्रतेचा प्रश्न आहे. मग तो अपात्रतेविषयी त्याला आठवते ते सगळे लिहायला लागतो, कर्ज, हमी, व्यावसायिक संबंध, नोकरी, आणि शेवटी कुठेतरी 'म्हणून तो पात्र आहे' असे एक वाक्य टाकतो. पान भरते, दहा मिनिटे जातात आणि निम्मेही गुण मिळत नाहीत.

याच प्रश्नाचे नीट उत्तर चार टप्प्यांत संपते. पहिल्या टप्प्यात तरतूद : कंपनी कायदा २०१३ च्या कलम १४१(३)(डी) नुसार ऑडिटर स्वतः, त्याचा नातेवाईक किंवा भागीदार यांच्याकडे त्या कंपनीचे सिक्युरिटीज असतील तर तो अपात्र ठरतो; मात्र नातेवाइकाला एक लाख रुपये दर्शनी मूल्यापर्यंतचे सिक्युरिटीज ठेवण्याची मुभा आहे. दुसऱ्या टप्प्यात वस्तुस्थिती : पत्नी ही कलम २(७७) नुसार नातेवाईक आहे आणि तिच्याकडील शेअरचे दर्शनी मूल्य ९०,००० रुपये आहे. तिसऱ्या टप्प्यात दोहोंची सांगड : मर्यादा दर्शनी मूल्याला लागू आहे, त्यामुळे चार लाखांचे बाजारमूल्य येथे गैरलागू ठरते. चौथ्यात निष्कर्ष : नेमणूक वैध आहे. प्रश्नात बाजारमूल्याचा आकडा मुद्दाम पेरलेला असतो आणि तिसऱ्या टप्प्यातील ते एक वाक्य आहे की नाही, हेच परीक्षक पाहत असतो. हेच शेअर लेखापालाच्या स्वतःच्या नावावर असते तर दर्शनी मूल्य कितीही कमी असले तरी तो अपात्र ठरला असता. नेमणुकीनंतर पत्नीने मर्यादेपेक्षा जास्त शेअर घेतले, तर साठ दिवसांत ते मर्यादेत आणावे लागतात. प्रश्न किंचित फिरवला तरी उत्तर कसे बदलते, हे असे प्रत्येक तरतुदीबाबत स्वतःला विचारून पाहावे. हाच भाग ऑडिटच्या पेपरलाही कामी येतो.

कलमाचा क्रमांक नक्की आठवत नसेल तर तो लिहू नये. 'कंपनी कायद्यातील तरतुदीनुसार' असे लिहून पुढे जावे. चुकीचा क्रमांक लिहिण्यापेक्षा ते केव्हाही बरे. याच पेपरमध्ये जनरल क्लॉजेस अॅक्ट, कायद्यांचा अर्थ लावण्याची तत्त्वे आणि फेमा (परकीय चलन व्यवस्थापन कायदा) हे भाग आहेत, त्यांना मुले सावत्र वागणूक देतात. आकाराने लहान आणि प्रश्नांच्या दृष्टीने बरेच अपेक्षित असलेले हे भाग चाळिशीच्या आसपास अडकलेल्या विद्यार्थ्याने प्रथम पक्के करावेत.

ऑडिटची गोष्ट थोडी निराळी आहे. तेथे स्टँडर्ड्स ऑन ऑडिटिंगची (एसए, म्हणजे लेखापरीक्षणाची मानके) स्वतःची ठरलेली शब्दावली आहे आणि ती जशीच्या तशी यावी लागते. एसए ५०५ खाली बाहेरील पक्षाकडून पुष्टी मागवणे, एसए ५७० खाली गोइंग कन्सर्नचा, म्हणजे व्यवसाय पुढे चालू राहील का याचा, विचार करणे, एसए ७०५ खाली अभिप्रायात बदल करणे, यांपैकी प्रत्येकातील चार-पाच कळीची वाक्ये रोज हाताने लिहून काढावीत. वाचताना ती सोपी वाटतात, पण लिहिताना सुचत नाहीत. तुम्ही ज्या अडचणीचे वर्णन केले आहे तिचा इलाज वाचन वाढवून होणार नाही. रोज एक लॉचा आणि एक ऑडिटचा प्रश्न घड्याळ लावून, पुस्तक मिटून लिहावा, आणि मग सजेस्टेड आन्सरशी ओळीने ओळ ताडून पाहावा. पहिले दोन आठवडे हे फार कंटाळवाणे होते, हे आधीच सांगून ठेवतो.

वेळ संपत असल्याचे तुम्ही लिहिले आहे, त्याबद्दल एक गणित. तीन तासांच्या पेपरात ३० गुण बहुपर्यायी प्रश्नांना आणि ७० गुण वर्णनात्मक उत्तरांना असतात. बहुपर्यायी प्रश्न केस सिनॅरिओवर, म्हणजे दिलेल्या प्रसंगावर, आधारलेले असल्यामुळे मुले त्यातच तासभर काढतात. इंटरमिजिएटला त्यांत चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, म्हणून एकही गोल कोरा ठेवू नये आणि एकाही प्रश्नावर अडून बसू नये. मूळ वेळेआधी मिळणारी पंधरा मिनिटे वाचनाची असतात; कोणता वर्णनात्मक प्रश्न सोडायचा, हा निर्णय त्याच वेळेत झाला पाहिजे.

इन्स्टिट्यूट हिंदीतून उत्तरे लिहिण्याची मुभा देते, मराठीतून देत नाही. काही विद्यार्थी इंग्रजीला घाबरून हिंदीचा विचार करतात. तुम्ही अकाउंटिंगपर्यंत सगळे इंग्रजीत केले असताना आता माध्यम बदलू नये. मराठी मुलाला हिंदी बोलता येते म्हणून कायद्याची हिंदी लिहिता येते असे नाही. 'प्रतिभूति' आणि 'लेखापरीक्षा साक्ष्य' असे शब्द नव्याने शिकत बसावे लागेल.

शेवटी एक काम, जे याच आठवड्यात करावे. लॉच्या ३८ गुणांच्या उत्तरपत्रिकेची प्रमाणित प्रत मागवावी. निकालानंतर महिन्याभरात शुल्क भरून तसा अर्ज करता येतो. गुणांची पडताळणी हा वेगळा अर्ज आहे; त्यात बेरीज चुकली का, एखादे उत्तर तपासायचे राहिले का, एवढेच पाहिले जाते, पुनर्मूल्यांकन होत नाही, त्यामुळे त्यावर आशा लावून बसू नये. प्रत मात्र मागवावीच. कोणत्या उत्तराला सहापैकी दोन मिळाले आणि का, हे स्वतःच्या अक्षरात पाहिल्यावर जे कळते ते कोणत्याही क्लासमध्ये कळत नाही.

विटेकर_वाणिज्य

सर्वांचे मनापासून आभार. कोथरूडच्या मॅडमनी दाखवलेला जादा गुणांचा हिशेब मी करून पाहिला आणि त्याप्रमाणे दोन्ही ग्रुपचा अर्ज भरण्याचे ठरवले आहे. लॉ आणि ऑडिट या दोन्ही उत्तरपत्रिकांच्या प्रतींसाठीही अर्ज करतो. पुण्याला जात नाही.

दोन शंका राहिल्या आहेत. लॉचा पेपर पुन्हा वाईट गेला, म्हणजे चाळीस मिळणार नाहीत असे वाटले, तर दुसरा ग्रुप देऊन काही उपयोग आहे का? आणि आर्टिकलशिपच्या आधी जो प्रशिक्षण कार्यक्रम करावा लागतो, तो निकाल लागल्यावरच करता येतो का?

सोलापूरचा_लेखापरीक्षक

कोथरूडच्या मॅडमचा हिशेब मला मान्य आहे. सूट ६३ ऐवजी काठावर ६० असती तर मी माझ्या मतावर ठाम राहिलो असतो, पण तेरा गुणांची पुंजी हातात असताना ती वापरावी हेच बरे. माझी अट एकच : कॉस्टिंग रोज. ते चाळीसच्या खाली गेले की सगळा डाव मोडतो, कारण दोन्ही ग्रुपच्या एकत्रित बेरजेचा नियम सहाही पेपरांत चाळीस असतील तरच लागू होतो. गणिताचे अंतिम उत्तर चुकले तरी पायऱ्यांना गुण मिळतात, म्हणून वर्किंग नोट्स उत्तराचाच भाग समजून स्वच्छ लिहा, आणि व्हेरिअन्स (ठरवलेल्या व प्रत्यक्ष खर्चातील फरक) अनुकूल आहे की प्रतिकूल हे प्रत्येक वेळी नमूद करा.

तुमच्या पहिल्या शंकेचे उत्तर : लॉ कसाही गेला तरी दुसरा ग्रुप द्यावा. लॉला चाळीस मिळाले नाहीत तर जादा गुणांची सोय जाईल, पण दुसरा ग्रुप १५० गुणांवर स्वतंत्रपणे सुटू शकतो, आणि मग सप्टेंबरला फक्त पहिला ग्रुप उरेल, तोही अकाउंटिंगच्या सुटीसह. शिवाय लॉच्या पेपरबद्दल परीक्षा संपल्या संध्याकाळी विद्यार्थ्याने बांधलेला अंदाज मी कधी खरा ठरलेला पाहिला नाही. पेपर झाल्यावर मित्रांशी उत्तरे ताडून पाहत बसू नका.

दुसऱ्या शंकेबद्दल : तुम्ही विचारलेला प्रशिक्षण कार्यक्रम, म्हणजे आयसीआयटीएसएस, हा निकालानंतरच करावा असा नियम नाही. तो आर्टिकलशिप सुरू होण्यापूर्वी पूर्ण झाला पाहिजे एवढीच अट आहे, आणि इंटरमिजिएटला नोंदणी झालेल्या विद्यार्थ्याला तो आधीही करता येतो. त्यात माहिती तंत्रज्ञान आणि ओरिएंटेशन असे दोन भाग असून दोन्ही मिळून चार आठवडे जातात. मे महिन्याची परीक्षा संपली की निकालापर्यंतचा काळ रिकामाच असतो, त्यात तो उरकून टाका. सांगली किंवा कोल्हापूर शाखेत बॅच कधी आहे ते आत्ताच पाहून ठेवा, कारण परीक्षा संपताच सगळे एकदम अर्ज करतात आणि जागा भरून जातात. निकाल चांगला लागला तर त्याच आठवड्यात आर्टिकलशिपसाठी फर्मकडे अर्ज करता येईल; प्रशिक्षण मागे ठेवणाऱ्यांचा महिना तिथेच जातो.